पोटात वाटी असलेली गिटार

अण्णा, काल दत्तजयंतीला मी देवळात गिटार वाजवली. आज सकाळपासून घरात माझं चित्त नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं. कपडे वाळत घातले ते सगळे उलटे, मग काढून पुन्हा सुलटे केले. देवापुढे बसले तर जपाची माळ हातात आणि डोकं भलतीकडे. शेवटी सोसायटीच्या जुन्या नोटिसांचे पाठकोरे कागद घेतले आणि ओट्यापाशी स्टूल ओढून लिहायला बसले. सांगायचं तसं थोडंच आहे. त्या गिटारीचा आवाज तुमच्या गिटारीसारखा लागला की नाही, एवढंच. पण ते एका वाक्यात सांगून तुम्हाला काही कळायचं नाही. ही गिटार तुम्ही पाहिलेली नाही, आणि तिच्यापायी श्रावणापासून या घरात काय काय झालं तेही तुम्हाला ठाऊक नाही.

दिसायला ती गिटारच. पण तुमच्या गिटारीला पोटावर जिथे गोल भोक होतं, तिथे हिला स्टीलचं जाळीदार झाकण आहे, पुरण गाळायच्या चाळणीसारखं. झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमची एक मोठी उथळ वाटी उपडी बसवलेली असते. वाटीच्या माथ्यावर लाकडाची चकती, चकतीवर घोडी, घोडीवरून तारा. तार छेडली की घोडी हलते, खालची वाटी थरथरते, आणि आवाज लाकडातून न येता त्या वाटीतून येतो. रेझोनेटर म्हणतात हिला. इथे पिंपळे सौदागरला आमच्याच इमारतीतले एक आयटीवाले भाडेकरू बंगलोरला चालले होते. त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर पंखा, गादी आणि ही, असे फोटो टाकले. मी खाली जाऊन विचारलं, मांडीवर आडवी ठेवून वाजते का. ते म्हणाले, "वाजते की काकू. पण स्वस्तातली आहे हां, आवाज जरा डब्यासारखा येतो." खरं बोलले म्हणून मी फार घासाघीस केली नाही. पंखा घ्यायला गेले होते, पंखा राहिला आणि ही वर आली.

तुमची गिटार तुमच्यामागे भिंतीवरच होती. आई रोज पुसायची. पण वाळवी पाठीमागून लागली, ते पुसणाऱ्या हाताला कळलं नाही. एके दिवशी उतरवली तर पाठ भिंतीलाच राहिली. त्या दिवशी आई जेवली नाही, एवढं आठवतं.

चिंचवडच्या त्या दोन खोल्या आठवतात. पहिली पाळी करून तुम्ही येता, हातपाय धुता, चहा होईपर्यंत स्वयंपाकघरातच पाटावर बसता. आई कणीक मळते आहे. तुम्ही गिटार मांडीवर आडवी घेता, डाव्या हातात स्टीलची कांडी, आणि तारांवरून ती अशी सरकवता की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी न मारता चालत जातो, माणसाच्या गळ्यासारखा. मी शेजारी बसून बघते. दहावीच्या निकालाला माझ्या मैत्रिणींना घड्याळं मिळाली. तुम्ही मला लेथवर स्वतः केलेली कांडी दिलीत, माझ्या बोटांच्या मापाची. आई म्हणाली, "पोरीला हे काय लोखंड देताय?" तुम्ही म्हणालात, "पुसून ठेवत जा, घामाने डाग पडतात." शाबासकी म्हणून तेवढंच. त्यानंतर तुम्ही फार दिवस राहिला नाहीत. लग्न झालं, संसार झाला, कांडी मिसळणाच्या डब्याशेजारी पडून राहिली. पण मी ती पुसत होते.

आता देवळाचं. आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. त्याच्या प्रमुख एक निवृत्त शिक्षिका, त्यांना सगळ्या बाईच म्हणतात. श्रावणातल्या एका गुरुवारी मी गिटार घेऊन गेले आणि अभंगाच्या चालीमागे वाजवायला लागले. दोन कडवी झाली नि बाईंनी हात वर केला. "अहो, अभंग चाललाय की मोरीत भांडी पडतायत?" सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार. बाई म्हणाल्या, "मला तुमची हौस मोडायची नाही. दत्तजयंतीला जन्माच्या आधी एक अभंग नुसता वाद्यावर ठेवू, तो तुम्ही वाजवा. पण तोवर हिचा आवाज माणसात आणा. नाहीतर टाळ आहेतच की." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या वडिलांच्या गिटारीसारखा आवाज काढून दाखवते." कुणी मागितलं नव्हतं हे. पण बोलून बसले. घरी येताना लक्षात आलं की तो आवाज तसा आहे की नाही, हे सांगू शकेल असा आता एकच माणूस उरलाय. कंपनीच्या गणपतीत तुमच्या मांडीला मांडी लावून तबला वाजवणारे थेरगावचे काका. मी त्यांना फोन केला. म्हणाले, "येतो की पोरी. पाय चालत न्हाईत, पन कान हायेत आजून."

मग मी त्या गिटारीच्या मागेच लागले. व्हिडिओ बघितले. आधी तारा बदलल्या, जाड घेतल्या. आवाजात थोडं वजन आलं, पण पत्रा गेला नाही. मग घोडी. हिची घोडी प्लॅस्टिकसारख्या कसल्याशा भुसभुशीत लाकडाची होती. व्हिडिओतला माणूस म्हणतो हाडाची घोडी लावा, उत्तम. आता माळ घालणाऱ्या बाईने हाडावरून तारा नेऊन देवापुढे वाजवायचं, हे मला जमणार होतं का? सासूबाईंचा शिसवी पोळपाट होता, एक पाय तुटलेला, मी तो वीट लावून वापरत होते. तो घेऊन डांगे चौकातल्या एका सुताराकडे गेले. तो पोळपाट उलटासुलटा करून म्हणाला, "ताई, एवढ्याशा तुकड्यासाठी पोळपाट कापायचा? बघा हां, परत जोडून मिळणार नाही." मी म्हटलं, कापा. चकती आणि घोडी दोन्ही त्यातून निघाली. उरलेल्यावर मी अजून पुऱ्या लाटते. तुम्हाला सांगते, त्या शिसवामुळे सूर लांबायला लागला. आधी तार वाजून लगेच मरायची, आता कांडी सरकेपर्यंत जिवंत राहायची.

राहिली वाटी. हे, म्हणजे तुमचे जावई, ज्यांना तुम्ही पाहिलं नाही, चाकणला एका कंपनीत तपासणी खात्यात आहेत. माप हा यांचा धर्म. भाजी आणली तरी दोडका हातात धरून अंदाज घेतात. यांनी भोसरीला एक शेड शोधली, तिथे लेथवर पत्रा दाबून पातेल्यांची झाकणं करतात. जुनी वाटी नमुना म्हणून नेली आणि नवी घेऊन आले. काय तिची चमक. म्हणाले, "दणकट करून आणलीय. आयुष्यभर बघायला नको." बसवली, वाजवली. कुकरच्या झाकणावर चमचा मारावा तसा आवाज. मी म्हटलं, "अहो, हिला टिकायचं नाहीये, हलायचंय." "मग आधी सांगायचंस." "मला तरी आधी कुठे कळलं होतं?" चार दिवस घरात अबोला. मग हेच पुन्हा गेले आणि पातळातली पातळ वाटी करून आणली, इतकी की बोट टेकवलं तर खळगा पडेल. मिठाईच्या खोक्यात कापूस घालून, कंपनीच्या बसमध्ये मांडीवर धरून आणली. बसमधले विचारत होते म्हणे, "काय राव, पेढे कसले?"

ही पातळ वाटी बसली अष्टमीला. तारा चढवेपर्यंत पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. तुम्हाला काय सांगायचं, त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो, पूजा करायची असते. मी देव्हाऱ्यापुढे पाट मांडला. त्यावर यांचं मोजायचं व्हर्नियर, माझी कात्री, विळी, शिलाई मशीनचं डोकं, आणि मधोमध गिटार. हळद, कुंकू, फूल, वर मनापासून मूठभर अक्षता. तिची ही पहिली पूजा होती आणि मला तिच्याकडून काम करून घ्यायचं होतं. अक्षता टाकताना हात आखडला नाही. दसऱ्याला सकाळी सोनं वाटायच्या आधी मांडीवर घेतली. आवाज खोल होता, गोल होता, आणि त्यात खर्र असं काहीतरी होतं. मधल्या तारेवर पंचमाला कांडी आली की हमखास खर्र.

तिथून माझी झोप गेली. मी मानेवरच्या खुंट्यांचे स्क्रू आवळले. झाकणाचे आवळले, मग सैल केले. घोडीची खाच घासली. तारा पुन्हा बदलल्या, ते तर मनाला लागलं, चांगल्या होत्या. काकड्याला जाताना डोक्यात तेच, दूध तापवताना तेच. यांना म्हटलं वाटीतच खोट आहे. हे म्हणाले, "वाटी बरोबर आहे. मी सगळीकडून मोजलीय. तुझी कांडी वाकडी पडत असेल."

"माझी कांडी अण्णांनी केलीय."

"मग अण्णांनाच विचार."

पोट उघडून बघावं तर भीती. तारांचा ताण काढायचा, झाकण काढायचं, आणि त्या कागदासारख्या वाटीला माझा हात लागला तर खळगा पडून सगळंच संपायचं. दत्तजयंती जवळ आली तशी मंडळात बाई नुसत्या माझ्याकडे बघायच्या. विचारायच्या नाहीत. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं. एकदा टाळांची पिशवी माझ्याजवळ ठेवून गेल्या, सहज ठेवावी तशी.

शेवटी एका दुपारी हे पहिल्या पाळीला असताना मी जेवणाच्या टेबलावर दुलई घातली, तिच्यावर गिटार ठेवली आणि उघडली. झाकण उचललं. वाटीचा माथा लखलखीत. आणि उतारावरून घरंगळून सगळीकडून काठाशी जमलेल्या, कुंकवाने लाल झालेल्या माझ्या अक्षता. जाळीतून गेल्या होत्या. झेंडूची एक पाकळी वाळून काठाला चिकटली होती. मी वाटीवर हलकेच टिचकी मारली, तर तांदळाचे दाणे तिच्यावर नाचायला लागले. खर्र.

मी खुर्चीत बसले आणि मला कंपनीतली ती खंडेनवमी दिसली. त्या एका दिवशी तुमची माणसं घरच्यांना आत न्यायची. मशीन पुसून लख्ख, केळीचे खांब, प्रसादाची बुंदी. मी लहान आहे, तुमचं बोट धरून उभी आहे. तुम्ही नारळ फोडायला वळता आणि मी माझ्या मुठीतल्या सगळ्या अक्षता तुमच्या लेथच्या जबड्यात टाकते, जिथे काम धरतात तिथे. मला वाटतं देवाला आत जेवढं जाईल तेवढं चांगलं. तुम्ही बघता. ओरडत नाही. ब्रश घेता आणि एकेक दाणा काढायला लागता, बाकीचे बुंदी खाऊन निघून जातात तरी तुम्ही काढताच आहात. मग म्हणता, "नमस्कार बाहेरून करायचा. आत त्याचं काम असतं." एवढ्या वर्षांनी, एवढा देवधर्म करून, मी पुन्हा तेच केलं होतं.

अक्षता टाकवेनात. पूजेच्या होत्या. सासूबाईंच्या देवपूजेतला मोरपिसाचा कुंचा आणला, एकेक दाणा वाटीला न टोचता काढला, तुळशीत घातला. काठ मऊ फडक्याने पुसला. पुन्हा तारा चढवल्या. पंचमावर कांडी नेताना मी डोळे मिटले होते. सूर गेला, सरळ गेला, कुठे अडला नाही. संध्याकाळी हे आले, मी सांगितलं. हे बूट काढता काढता थांबले. "तांदूळ?" मग जोरात हसायला लागले. "आमच्या चेकलिस्टमध्ये तांदूळ नसतो हो." मी म्हटलं, "घालून घ्या." पुढचे चार दिवस आल्यागेल्याला हीच गोष्ट. वाटी बरोबर होती हे प्रत्येक वेळी शेवटी सांगायचे.

काल काका आले. नातसुनेने रिक्षातून आणलं, खांबाला टेकून बसवलं. सूर्य खाली जायला लागला, पाळणा सजला होता, सुंठवडा वाटीत तयार होता. बाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी मांडीवर गिटार घेतली. पहिल्या ओळीला कांडी तारेवर थरथरली, ते लोकांना बहुतेक मुद्दाम केल्यासारखं वाटलं. दुसऱ्या ओळीपासून मला देऊळ दिसलं नाही. सूर त्या पातळ वाटीतून असा भरून येत होता की मागच्या बायकांचं कुजबुजणं थांबलं. संपल्यावर बाई शेजारणीला म्हणाल्या, "यांचे टाळ आता दुसऱ्या कुणाला देऊन टाका." बाईंची स्तुती तेवढीच असते.

पण मला बाईंचं काही नव्हतं. जन्म झाला, पाळणा झाला, आरती झाली, आणि मी काकांपाशी जाऊन बसले. सुंठवडा हातावर दिला. विचारायचं धाडस होईना. ते बोलेपर्यंत मी मनात तुमची गिटार ऐकून ठेवावी म्हटलं, म्हणजे ते काय म्हणतात ते मला ताडून बघता येईल. आणि अण्णा, मला काही ऐकूच आलं नाही. तुमची वाकलेली मान दिसली. तारांना लावलेल्या खोबरेल तेलाचा वास आला. कानशीने काहीतरी घासताना तुमचं करंगळी वर धरणं दिसलं. आवाज नाही.

"कशी वाटली, काका?"

"ग्वाड. लई ग्वाड वाजीवलंस."

"अण्णांसारखी?"

त्यांनी सुंठवडा तोंडात घोळवला, बराच वेळ. "न्हाई. देवाच्या दारात खोटं कशाला बोलू. त्याची बसकी व्हती. घसा धरल्यावानी. आन त्याला ती कदी पटलीच न्हाई बघ. दर गनपतीला न्यारा उद्योग. कदी तारा बदल, कदी घोडी घास, कदी पोटात चिंध्या कोंब. मी तबला लावून बसायचो आन ह्यो आपला कानस घिऊन. म्हनायचो, आरं वाजीव की लेका आता. तर म्हनायचा, थांब रं, आजून थोडं." ते हसले. मग माझ्या मांडीवरच्या गिटारीकडे बघून म्हणाले, "त्याला ह्यो आवाज पायजे व्हता का दुसराच कुटला, ते मला ठावं न्हाई."

परत येताना हे स्कूटरवर मागे मान वळवून वळवून मला समजावत होते. "मनाला लावून घेऊ नकोस. म्हातारा माणूस, त्यांना काय आठवतंय एवढं? मला तर अगदी अण्णांसारखी वाटली." यांनी तुम्हाला वाजवताना कधी ऐकलेलं नाही. मी म्हटलं, समोर बघून चालवा. घरी आल्यावर यांनी स्वतः चहा केला, माझ्यापुढे ठेवला, आणि माझं काही मोडलंय अशा बेताने घरात वावरत राहिले. मी वावरू दिलं.

मोडलं काहीच नव्हतं. काकांनी न्हाई म्हटलं तेव्हा आधी वाईट वाटलं, ते खरं. पण पुढच्याच श्वासाला मोकळं वाटलं. श्रावणापासून मी ज्या आवाजामागे धावत होते, तो तुम्ही स्वतःच मागे टाकायला बघत होता. लहानपणी मला वाटायचं की स्क्रू ड्रायव्हर आणि कानस हा वाजवण्याचाच भाग असतो, जसा तबल्याला हातोडा. तुम्ही बेचैन आहात हे माझ्या कधी लक्षात आलं नाही. आईच्या आलं असेल. म्हणून ती कणीक मळताना मान वर करायची नाही.

हे पत्र या नोटिसांच्या गठ्ठ्यातच राहील. कुणाला दाखवायचं नाही, यांना तर नाहीच. सुरुवातीला मी लिहिलं की घरात चित्त नव्हतं, तुम्हाला आवाजाचं सांगायचं होतं, म्हणून बसले. ते सगळंच खरं नाही. काल वाजवताना वरच्या षड्जाला एक बारीकशी धार लागत होती, काकांनाही कळली नसेल. सकाळी हे गेल्या गेल्या मी तारा उतरवल्या, शिसवी चकती काढून खालून घासली, आणि परत वाटीला चिकटवून गिटार खिडकीत उन्हाला ठेवली आहे. गोंद वाळेपर्यंत हाताला काहीतरी हवं होतं, म्हणून लिहीत होते. आता वाळला असेल. उठते.